दगड दिसायला सपाट, तरी वस्तरा मधोमध ओढतो

तुम्ही विचारलंय ते असं: वस्तऱ्याला धार लावायला तुमच्याकडे 1000 नंबरचा (भरड) आणि 8000 नंबरचा (बारीक) असे दोन दगड आहेत. वस्तरा टोकाला आणि टाचेला (मुठीकडच्या बाजूला) छान चालतो, मधला भाग मात्र केस ओढतो. दगड सपाट राहावेत म्हणून तुम्ही दर वेळी दोन्ही दगड एकमेकांवर घासता. माझ्या मते दुखणं या घासण्यातच आहे.

दोन दगड एकमेकांवर घासले की ते एकमेकांत बसतात, सपाट होतीलच असं नाही. एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट झाला तरी ते एकमेकांवर अगदी चपखल बसतात, आणि हाताला वाटतं की काम झालं. दुर्बिणीचा आरसा हाताने घासणारे हौशी लोक नेमका याच गोष्टीचा फायदा घेतात. दोन काचांच्या मध्ये घासायची पूड घालून वरची काच पुढे-मागे सरकवत राहिलं, की वरची खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. त्यांना तेच हवं असतं, आपल्याला नको असतं.

आता तुमच्या वस्तऱ्याचं पाहा. बहुधा 8000 हातात धरून खालच्या 1000 वर घासत असाल, कारण तसंच सोयीचं पडतं. म्हणजे 1000 किंचित फुगीर, 8000 किंचित खोलगट. फुगीर दगडावर वस्तरा डोलतो आणि पात्याचा मधला भागही नीट घासला जातो. मग तेच पातं खोलगट 8000 वर आडवं ठेवलं की दगडाच्या दोन बाजूंवर फक्त टोक आणि टाच टेकतात. मधल्या भागावर 1000 चे ओरखडे तसेच राहतात, आणि तेच गालावर ओढतात. शिवाय 1000 चे सुटलेले कण 8000 च्या अंगात रुतून बसतात, हा वेगळा ताप.

तीन दगड असते तर गोष्ट निराळी. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर असं आळीपाळीने फिरवलं तर तिन्ही एकमेकांत बसण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिन्ही सपाट होणं. यंत्रकामात ही युक्ती जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते, सपाट पृष्ठभागांवरचा त्यांचा निबंध 1840 सालचा. (ते स्वतः मात्र घासण्यापेक्षा खरवडण्याच्या बाजूचे होते.) पण वस्तऱ्याच्या दगडांसाठी एवढी उठाठेव करू नका. वेगवेगळ्या नंबरांचे दगड एकमेकांवर फिरवले की वर सांगितलेली रुतण्याची भानगड इथेही आलीच.

सुरीला चालणारा दगड वस्तऱ्याला का चालत नाही? सुरीचा कोन हाताने धरलेला असतो. हात थोडा हलतोच, त्यामुळे दगडातला खळगा खपून जातो. वस्तरा मात्र पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून फिरतो, कोन पाठीच्या जाडीवरून ठरतो. दगडाच्या रुंदीत 0.05 मिलिमीटर, म्हणजे बारीक केसाएवढा खळगा असेल, तर ते झाले 50 मायक्रॉन. 8000 च्या दगडाचा कण एक-दोन मायक्रॉनच्या घरातला. तेवढं अंतर त्याने घासून भरून काढायचं म्हटलं तर रात्र सरेल.

इथे एक गोष्ट सांगतो, जी बरेच जण उलटी धरून बसतात. लांबीतला खळगा रुंदीतल्या खळग्याइतका घातक नसतो. 20 सेंटिमीटर लांबीच्या दगडाला मध्ये अर्धा मिलिमीटर खोली असली, तरी पाठ आणि धार यांच्यातलं अंतर जेमतेम 19-20 मिलिमीटर असल्यामुळे धारेचा कोन दर बाजूला अंशाच्या सुमारे विसाव्या भागानेच बदलतो. ते कुणाच्या गालाला कळणार नाही. म्हणून तपासताना पट्टी आधी आडवी ठेवा, मग दोन्ही कर्णांवर, आणि शेवटी उभी. मागे दिवा धरा. कर्णांवर उजेड कमी-जास्त दिसला तर दगडाला पीळ पडलाय, आणि तो साध्या नजरेला कधीच दिसत नाही.

सपाट करण्यासाठी माझी पसंती हिऱ्याच्या प्लेटला (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पाटी), 325 किंवा 400 नंबरची. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा, अगदी कडेपर्यंत. वाहत्या पाण्याखाली प्लेट फिरवा, दाब हाताच्या वजनाएवढाच. पाणी कमी पडलं तर प्लेट दगडाला चिकटते आणि झटक्याने सुटते, त्यात कोपरे उडतात. शेवटच्या रेषा जिथे उरतील तो खळगा. सगळ्या गेल्या की पुन्हा आखा आणि पुन्हा घासा. दुसऱ्या खेपेला रेषा सगळीकडून एकदम जायला हव्यात. हे दुसऱ्यांदा आखणं मी वर्षभर टाळलं आणि तेवढे दिवस चामोट्याला (धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्याला) दोष देत बसलो.

कोरी प्लेट थेट 8000 वर नेऊ नका. सुरुवातीला तिच्यातले ढिले कण सुटतात, ते 1000 वर झडू द्या. प्लेट नसेल तर जाड काचेवर किंवा घोटलेल्या ग्रॅनाइटच्या लादीवर 320-400 नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. काम तेच होतं, फक्त कागद लवकर मरतो आणि त्याची कड वर आली तर दगडाच्या कडा गोल होतात. काचेवर सुटी पूड टाकून घासायची पद्धत वस्तऱ्याच्या बारीक दगडाला मला मुळीच आवडत नाही. पूड काचही खाते, काही दिवसांत काचच खोलगट. नागुरा (दगडावर घासायचा छोटा दगड) लावून दगड सपाट होतो हाही गैरसमज आहे. तो चिखल काढतो, वरचा काळा थर साफ करतो, बस.

सपाट केल्यावर दगडाच्या चारही कडा 45 अंशात थोड्या मोडा. प्लेट तिरकी धरून पाच-सहा हात पुरतात. तीक्ष्ण कड धारेला चरे पाडते, आणि मऊ दगडाची तर स्वतःच तुटते.

किती वेळा? 1000 मऊ असतो आणि बेव्हल (धारेलगतचा तिरका घासलेला पट्टा) बसवताना त्यावर काम जास्त होतं, म्हणून प्रत्येक वस्तऱ्याआधी. 8000 आणि त्यापुढचे दगड चार-पाच वस्तऱ्यांनंतर. फार कडक नैसर्गिक दगड एकदा नीट सपाट केला की बरीच वर्षं बघावं लागत नाही. झीज सारखी व्हावी म्हणून अधूनमधून दगडाची टोकं उलटी फिरवा आणि कडेपर्यंत वापरा, नाहीतर हात मधल्याच पट्ट्यात रेंगाळतो. वाळवताना उन्हात ठेवू नका. एका बाजूने भरभर वाळलेला दगड तडकू शकतो.

आता दगड सपाट झाल्यावर सगळ्यात आधी करायचं काम, जे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, नाहीतर वरचं कुणी वाचत नाही. दोन्ही दगड सपाट करून झाले की बेव्हलवर मार्करची शाई लावा आणि 8000 वर दाब न देता एकच हात फिरवा. पात्याच्या दोन्ही बाजू तपासा. दोन्ही बाजूंना मध्ये शाई राहिली तर 1000 वर परत जाऊन बेव्हल नव्याने बसवा, कारण आताचा बेव्हल जुन्या फुगीर दगडाचा आहे. एका बाजूला मध्ये राहिली आणि दुसऱ्या बाजूला टोकांना, तर पातंच वाकलंय. अशा वेळी दगड घासत बसण्यात अर्थ नाही. अरुंद दगड घ्या, किंवा याच दगडाच्या कडेजवळच्या पट्ट्यावर तिरका, फुलीसारखा हात फिरवा, म्हणजे एका वेळी पात्याचा थोडाच भाग टेकेल आणि मधलाही सुटणार नाही.