होम कलेक्शनच्या सॅम्पलसाठी बायोहझार्ड बॅग कोणती घ्यावी? साधी झिपलॉक चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलुंड-भांडुप भागात होम कलेक्शन, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन सॅम्पल घेणं, सुरू करताय, सॅम्पल दुचाकीवरून किंवा लोकलने परळच्या लॅबला जाणार, आणि बायोहझार्डचं, म्हणजे जैविक धोक्याचं चिन्ह छापलेल्या पिशव्या महाग वाटतायत. मी परळच्याच एका लॅबमध्ये सॅम्पल रिसिव्हिंगला आहे. असे डबे दिवसभर उघडते, म्हणून सविस्तर सांगते.

साधी झिपलॉक घेऊ नका. नुसतं चिन्ह छापलंय म्हणून कुठलीही पिशवीही घेऊ नका. चिन्ह हवंच, कारण वाटेत पिशवी कोणाच्या हाती लागली तर आत काय आहे ते त्याला कळलं पाहिजे. पण सांडलेलं आत अडवायचं काम झिप आणि कडेचे जोड करतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ रक्ताच्या ट्यूबने होत नाही, लघवीच्या डबीने होतो. झाकण आट्यात तिरकं बसलेलं असतं, वरून घट्ट वाटतं, आणि भांडुपहून येईपर्यंत डबी अर्धी रिकामी. फॉर्मही त्याच पिशवीत कोंबलेला असेल तर पेनाची शाई पसरून नाव, वय, टेस्ट काहीच वाचता येत नाही. मग पेशंटला फोन करून पुन्हा सॅम्पल मागायचं. लघवी पुन्हा देता येते. पण जिची शीर मुश्किलीने सापडली त्या आजींना पुन्हा सुई टोचायची वेळ येते तेव्हा फार वाईट वाटतं.

म्हणून पहिली अट म्हणजे दोन कप्पे. झिपच्या कप्प्यात सॅम्पल, बाहेरच्या उघड्या कप्प्यात फॉर्म. एका पिशवीत एकाच पेशंटचं सॅम्पल, म्हणजे एक ट्यूब गळली तरी बाकीच्यांची वाचतात. नावाचं लेबल मात्र ट्यूबवरच लावा, फक्त पिशवीवर नको. इथे पिशवी उघडल्यावर ट्यूब रॅकमध्ये जाते आणि पिशवी कचऱ्यात.

प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकल सामानाच्या दुकानांत गेलात तर दुकानदार ढीगभर प्रकार दाखवेल. एकदम गठ्ठा उचलू नका, प्रत्येकातल्या दोन-चार मागून घ्या आणि घरी तपासा. पिशवीत थोडं निळं शाईचं पाणी घाला, झिप लावा, उलटी करून वर्तमानपत्रावर ठेवा, वरून तळहाताने दाबा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कागदावर निळा डाग दिसला तर ती पिशवी बाद. डाग बहुतेक कोपऱ्यात, झिप आणि कडेचा जोड मिळतो तिथे पडतो. झिप ग्लोव्हज घालूनही पटकन लागते का, तेही पाहा. ग्लोव्हज घालून लागत नसेल तर घाईत तुमचा माणूस ती अर्धवट लावणार.

प्रत्येक पिशवीत शोषक पॅडचा तुकडा टाका, आतलं सगळं सॅम्पल सांडलं तरी शोषून घेईल एवढा. यात कंजुषी करू नका. ट्यूब किंवा डबी, तिच्यावर पिशवी आणि बाहेर झाकणाचा कडक डबा असे तीन थर लागतात. सकाळी आठच्या लोकलमध्ये खांद्याला लावलेली मऊ बॅग कशी चेपते ते तुम्हाला सांगायला नको.

आइस पॅक सॅम्पलच्या पिशवीत कधीच घालू नका. तो बाहेरच्या डब्यात ठेवा, आणि पॅक व पिशवी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा असू द्या. रक्ताची ट्यूब थेट बर्फाला टेकली तर तांबड्या पेशी फुटतात. न फुटताही, सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ भाग) वेगळं न करता रक्त जास्त वेळ थंड राहिलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. असा रिपोर्ट पाहून डॉक्टर विनाकारण घाबरतात. ब्लड कल्चरच्या (रक्तात जंतू वाढतात का ते पाहायच्या) बाटल्या तर थंड करायच्याच नसतात. बिलिरुबिनची (काविळीच्या तपासणीची) ट्यूब उजेडापासून जपा, फॉइल गुंडाळा. फॉर्मॅलिनमधली (टिकवायच्या द्रावणातली) बायोप्सी, म्हणजे काढलेला मांसाचा तुकडा, आणि सायटॉलॉजीच्या (पेशी तपासायच्या) स्लाइड्स एका पिशवीत नकोत. फॉर्मॅलिनच्या वाफेने स्लाइडचं स्टेनिंग, म्हणजे पेशींना दिलेला रंग, बिघडतं.

काही जण पैसे वाचवायला कचऱ्याच्या पिवळ्या किंवा लाल पिशव्या सॅम्पलसाठी वापरतात. हे अजिबात करू नका. बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांत ते रंग कचरा वेगळा करण्यासाठी ठरवलेले आहेत. अशी पिशवी टेबलावर दिसली की सफाईवाल्या मावशी ती कचरा म्हणूनच उचलणार, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही.

पिशवीत गळती दिसली तर वाटेत, स्टेशनवर उघडू नका. अख्खी पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला, लॅबला आधी फोन करा. डब्यात सांडलं असेल तर ग्लोव्हज घालून आधी कागदाने टिपा, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओतून अर्धा तास राहू द्या. ते द्रावण रोज ताजं बनवा, शिळ्याचा जोर कमी होतो. हे सॅम्पल आणणाऱ्या तुमच्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा, कारण सांडलेल्याला हात त्यांचाच लागतो.

पुढे एखादी टेस्ट विमानाने बाहेरगावी पाठवायची झाली तर या पिशव्या पुरणार नाहीत. तिथे ट्यूब किंवा तिच्यावरचं पॅकिंग ९५ किलोपास्कलचा दाब सोसणारं लागतं, आणि बाहेरच्या खोक्यावर यूएन ३३७३ चं (तपासणीच्या जैविक सॅम्पलसाठी ठरलेल्या क्रमांकाचं) टोकावर उभं चौकोनी चिन्ह. ते काम हे पॅकिंग जाणणाऱ्या कुरियरलाच द्या, कोणा प्रवाशाच्या हातात सॅम्पल देऊ नका. मुलुंड ते परळसाठी दोन कप्प्यांची, तपासून घेतलेली पिशवी, पॅड आणि कडक डबा एवढं पुरेसं आहे. लघवीच्या डबीचं झाकण मात्र पेशंटच्या घरीच पुन्हा उघडून सरळ बसवा, आणि डबी उलटी करून पाहिल्याशिवाय पिशवीत घालू नका.