गाड्यांमध्ये स्टीलच्या ग्रेड (वेगवेगळ्या घटकांचे प्रकार) कमी केल्या तर रिसायकलिंग सुधारेल का?

सुधारेल, पण आधी वायरी आणि मोटरींतून भंगारात मिसळणाऱ्या तांब्याचं बोला. तळोजा एमआयडीसीत एका इंडक्शन भट्टीच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या मशीनवर होतो, म्हणून ठासून सांगतोय.

एका रात्रपाळीला जुन्या गाड्यांचे दाबलेले गठ्ठे भट्टीत गेले. सँपलला कॉपर, म्हणजे तांबं, 0.52 टक्के. पुन्हा घासून घेतलं, 0.51. मी म्हटलं, ओतू नका, स्पंज आयर्न (खनिजापासून केलेलं, तांबं नसलेलं लोखंड) टाकून प्रमाण खाली आणा. खरेदी बघणारे साहेब फोनवर म्हणाले, "वितळलं की सगळं लोखंडच. तुझं मशीन तपास." हीट, म्हणजे भट्टीतला तो घाणा, ओतली. रोलिंगला सळईभर आडव्या भेगा पडल्या आणि रिपोर्टात चूक लागली माझ्या सँपलला.

कारण साधं आहे. तापलेल्या बिलेटवर (सळईसाठी ओतलेल्या स्टीलच्या ठोकळ्यावर) लोखंडाची खपली धरते, तांब्याची धरत नाही. ते खपलीखाली साठतं. 1085 अंशांना ते वितळतं, आपण बिलेट त्याहून जास्त तापवतो. मग ते स्टीलच्या कणांच्या सीमांत शिरतं आणि रोलखाली पृष्ठभाग फाटतो. मॅंगनीज, सिलिकॉन निदान थोडं स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत जातं. तांबं, कथील, निकेल, मॉलिब्डेनम कुठेच जात नाही. टनामागे 5 किलो तांबं राहिलं की झालं 0.5 टक्के. सळईला साधारण 0.4 पर्यंत निभावतं, गाडीच्या खोल दाबाच्या पत्र्याला 0.06 च्या आसपासच. म्हणूनच गाडीचं स्टील पुन्हा गाडीत न जाता सळईत जातं.

ग्रेडचं म्हणाल तर एकाच साध्या घटकांच्या स्टीलला गार करण्याचा वेग बदलून वेगवेगळी ताकद देता येते. निकेल, मॉलिब्डेनम घालण्याआधी डिझाइनवाल्यांनी हा मार्ग संपवावा. बी-पिलरचं (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाचं) कणखर बोरॉन स्टील मात्र काढा असं मी म्हणत नाही, तिथे माणसाचा जीव आहे. आणि बोरॉन वितळताना सहज जळून जातं.

मोठी वायरिंग भंगारवाले काढतातच. राहतात त्या काच वर-खाली करणाऱ्या आणि वायपरच्या छोट्या इलेक्ट्रिक मोटरी. त्या दोन बोल्ट काढून सुटतील अशा बसवा. साहेब म्हणायचे, मजुरी परवडत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट. त्या मोटरी आधी काढून विकल्या असत्या तर मजुरी निघाली असती आणि हीटही वाचली असती. हे मी त्याच सकाळी लेखी दिलं होतं.