छोटी स्कूबा टाकी विमानात? आधी व्हॉल्व्ह काढ

अरे, अंदमानला निघालायस ना, मग ती पाण्याखाली श्वास घ्यायची, हवा भरलेली छोटी टाकी घरीच ठेव. स्वराजद्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) डाइव्ह सेंटरवाले टाकी आणि पाण्यात खाली जायला लागणारी वजनं देतातच. न्यायचीच असेल तर नुसती हवा सोडून भागत नाही. दाबाचा काटा शून्यावर असला तरी सुरक्षावाल्याला आतलं दिसत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण काढ, तोंड उघडं दिसू दे, आणि एअरलाइनला आधीच विचार. शिवाय उघड्या टाकीत ओल जाते, तिथे ती तपासून व्हॉल्व्ह परत कोण बसवणार?

रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देतो तो) आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली-वेळ दाखवणारा, मनगटावरचा) हातातल्या बॅगेत, सुरी चेक-इनमध्ये. टॉर्चची लिथियम बॅटरी काढून, टोकांना चिकटपट्टी लावून जवळ ठेव. आणि परतीच्या विमानाआधीचे किमान १८ तास डाइव्ह नाही, कितीही मोह झाला तरी.