आई रोज रंकाळ्याला चालते, मग तिने वजनं कशाला उचलायची?

तुमचा प्रश्न असा: आई ६३ वर्षांच्या आहेत, रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे कुरकुरतात. डॉक्टरांनी वजनाचे व्यायाम करायला सांगितलंय आणि घरचे म्हणतात, चालणं आहे की, या वयात डंबेल कशाला?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात शाहूपुरीत काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत तुमच्या आईंच्या वयाच्या बायकाच जास्त. डॉक्टरांचं बरोबर आहे. आईंनी वजन उचलावं, आणि जमेल तसं ते वाढवतही न्यावं.

चालण्याला मी अजिबात नावं ठेवत नाही. हृदयाला, रक्तदाबाला, झोपेला, मनाला ते चांगलंच आहे, फेरी बंद करू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंची थोडीच ताकद लागते. रोज तेवढंच काम पडलं की शरीर तेवढ्यापुरतंच तयार राहतं. सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून बघा. तीन-चार किलोमीटर आरामात चालून आलेली बाई कट्ट्यावरून उठताना दोन्ही हात मांड्यांवर दाबते, पुढे झोका घेते आणि मग उठते. तिला दम लागलेला नसतो. मांडीत जोर उरलेला नसतो.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून भरभर जाते. कारण स्नायूंतले झटकन काम करणारे तंतू आधी बारीक होतात, आणि बाथरूममध्ये पाय सरकला तर तोल सावरायला तेच लागतात. पाळी गेल्यावर बायकांची हाडंही ठिसूळ होत जातात. पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं एकदा झालं की पुढची कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या आधारावर जातात. हे मी इतक्या घरांत बघते की या विषयावर मला शांतपणे बोलता येत नाही.

‘या वयात काय होणार’ म्हणणाऱ्यांना मी बोस्टनमधला १९९० सालचा एक अभ्यास सांगते. वृद्धांच्या संस्थेत राहणारी, नव्वदीच्या आसपासची दहा अशक्त माणसं त्यात होती. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची तर काठी सुटली. नव्वदीत हे होतं, तर ६३ म्हणजे काहीच वय नाही.

हाडांचंही तसंच. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगलं जड वजन उचललं. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची एक टक्क्याच्या वर घटली. अर्थात ते वजन त्यांनी पहिल्या दिवशी उचललं नव्हतं, आणि आईंनीही उचलायचं नाही.

मधुमेहाचं म्हणाल तर रक्तातली साखर शोषून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत ओढतो. म्हणून स्नायू टिकवणं हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग आहे.

गुडघ्यांची भीती घरोघरी असते. ‘आधीच झिजलेत, अजून झिजवायचे का?’ पण मांडीचा पुढचा स्नायू दुबळा असला की गुडघ्यावर जास्त भार येतो. झिजेच्या गुडघेदुखीत व्यायाम हा पहिल्या उपचारांपैकी एक मानला जातो. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर घाबरायचं कारण नाही. सूज आली किंवा दुखणं रेंगाळलं तर वजन कमी करायचं आणि गुडघा कमी वाकवायचा, व्यायाम सोडायचा नाही.

आता करायचं काय. आधी आईंना हात नसलेल्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवा, हात छातीवर दुमडायला सांगा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ वेळा तरी जमायला हवं. कमी भरलं तरी तिथूनच सुरुवात करायची. एकदाही हाताशिवाय उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

आठवड्यातून दोन दिवस पुरतात, मध्ये किमान एक दिवस मोकळा. खुर्चीवरून उठबस, स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात टेकून जोर, रबरी पट्टा दाराला अडकवून मागे ओढणं, स्टुलावर ठेवलेली पिशवी पाठ सरळ ठेवून उचलणं, ओट्याला धरून टाचा वर करणं. प्रत्येकाच्या आठ ते बारा आवृत्त्या, थोडा दम खाऊन पुन्हा एकदा. पिशवीत पहिल्यांदा दोन किलो तांदूळ पुरेत. वजन एवढं हवं की शेवटच्या दोन आवृत्त्या जड जाव्यात, पण पाठ वाकू नये. बारा सहज व्हायला लागल्या की अर्धा किलो वाढवा. ही वाढवण्याची पायरी सोडली तर बाकी सगळं करूनही फारसा फरक पडत नाही, आणि नेमकी तीच सुटते. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू वाढलेले दिसणार नाहीत, पण उठणं सोपं होईल, कारण आधी मेंदू आणि नसा आहे तो स्नायू जास्त नीट वापरायला शिकतात.

उचलताना श्वास कोंडू नका, जोर लावताना सोडा. रक्तदाब असेल तर हे विशेष पाळा. आईंच्या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते का, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी झाली, हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं.

आपल्याकडे एक अडचण वेगळीच आहे. खासबाग मैदान आणि लाल माती यांचा आपल्याला एवढा अभिमान, पण ताकद म्हटलं की डोळ्यांसमोर पैलवानच येतो. मागे एक आजी मला म्हणाल्या, ‘‘मला काय कुस्ती खेळायची हाय व्हय?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, पण नातवाला उचलायचंय ना?’’ त्यावर त्यांनी पिशवी उचलली.

खुराक मात्र पैलवानांकडून घ्यायला हवा. आईंचं वजन ६० किलो असेल तर दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आपल्या बायकांचं जेवण कसं असतं? सकाळी चहा-खारी, दुपारी भाकरी आणि पातळ आमटी. रविवारी मटण झालं तर फोडी पोरांच्या ताटात आणि आईच्या वाट्याला रस्सा-भात. प्रथिनं फोडींत असतात. त्या आईंच्या ताटात पडतात का, ते तुम्ही बघा. त्या शाकाहारी असतील तर रोज दूध, दही, घट्ट उसळ, पनीर. एका अंड्यात सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात सात-आठ ग्रॅम मिळतात.

घरी धीर होत नसेल तर जिममध्ये पाठवा, पण आधी तिथल्या ट्रेनरला विचारा की प्रत्येकाने मागच्या वेळी किती वजन उचललं ते लिहून ठेवता का. नुसतं ‘हो, हो, होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर दुसरी जिम बघा.