सोनाराची खबर

प्रश्न: म्हापशात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीचे 200 शेअर 340 ला घेतले. नवं प्रॉडक्ट दिवाळीला येणार, मग मोठी कंपनी तिला गिळणार, असं शेजारचा सोनार म्हणतो. भाव 290 वर आलाय. आणखी घेऊ?

उत्तर: सोनाराला कुणी सांगितलं? विकत घेणाऱ्याचा वाटा 25 टक्क्यांवर पोचला की शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या 2011 च्या नियमांनुसार आणखी किमान 26 टक्क्यांसाठी ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांचे शेअर विकत घ्यायचा देकार, काढावी लागते, तीही जाहीरपणे. तिथे तुमचे 340 कुणी विचारत नाही. भाव ठरवताना त्याआधीच्या, बाजार चालू असलेल्या 60 दिवसांची सरासरी वगैरे बघतात. आधी प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्यांचा, वाटा बघा. 70 टक्के असेल तर त्यांच्या मर्जीशिवाय कोण गिळणार? प्रॉडक्टचं म्हणाल, तर ते कोण विकत घेतंय ते कळेपर्यंत मी थांबेन. चवथीच्या माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांचे) पैसे तर मुळीच घालू नका.