जिममधलं 'चीटिंग': अंग चोरणं की हिसका देणं?

प्रश्न कोपरखैरण्याहून आला आहे. विचारणारे तिथल्या एका व्यायामशाळेत शिकवतात. भिंतीवर मराठी फलक लावायचा आहे आणि 'चीटिंग नको, फॉर्म स्ट्रिक्ट ठेवा' याला चांगलं मराठी हवं आहे. कोणीतरी त्यांना 'फसवणूक करू नका, कडक स्वरूप राखा' असं सुचवलं, ते त्यांना पटलं नाही.

पटण्यासारखं नाहीच ते. फसवणूक म्हटली की एक फसवणारा लागतो आणि एक फसणारा. आरशासमोर रॉड घेऊन उभा असलेला मुलगा कोणाला फसवतोय? 'स्वतःला' हे उत्तर नेहमी दिलं जातं, पण त्यात वर्णन कमी आणि उपदेश जास्त. पोरांच्या खेळातली 'रडी'ही इथे बसत नाही. रडी खायला समोर दुसरा गडी हवा, डाव हवा.

शब्द शोधण्याआधी क्रिया नीट बघू. रॉडने बायसेप मारताना कोपरं बरगड्यांना लागून जागेवर राहायला हवीत आणि हात फक्त कोपरात वाकायला हवा. खांदे आणि कंबर स्थिर. वजन झेपेनासं झालं की आधी गुडघे किंचित वाकतात. मग कंबर एकदम पुढे येते, धड मागे झुकतं, कोपरं बरगड्या सोडून पुढे सरकतात आणि रॉड छातीशी पोचतो. हात काटकोनात असतानाचा सगळ्यात अवघड टप्पा दंडाने पार केलेलाच नसतो, तो कमरेने पार करून दिलेला असतो. ट्रेनर ओरडतो, "चीटिंग करू नकोस!" शेजारच्या बेंचवर दुसरा एक जण रॉड छातीपर्यंत आणतच नाही, अर्ध्यावरूनच वर नेतो. तिसरा स्क्वॉटला, म्हणजे वजन घेऊन मारायच्या बैठकीला, मांड्या जमिनीला समांतर येण्याआधीच उठतो. त्यांनाही ट्रेनर तेच ओरडतो.

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. एका इंग्रजी शब्दाखाली दोन परस्परविरुद्ध गोष्टी येतात आणि आपण दोन्हींना मिळून एकच मराठी शब्द शोधत बसतो. अर्ध्यावरून उठणारा माणूस काम कमी करतोय. त्याच्यासाठी आपल्याकडे 'अंग चोरणं' कधीचं तयार आहे. लोकलमध्ये चौथ्या सीटवर माणूस अंग चोरून बसतो, म्हणजे शरीर आहे त्याहून कमी जागेत मावेल असं आखडून घेतो. कामात अंग चोरणारा तो अंगचोर. अर्धी बैठक मारणाऱ्याला 'अंग चोरू नकोस' म्हटलं की दुसरं काही समजावायला लागत नाही, चूक कुठे आहे तेही त्यातच आलं.

कमरेने रॉड उडवणारा मात्र अजिबात अंग चोरत नाही. उलट जिथे फक्त दंडाने राबायचं तिथे तो पाय, कंबर, पाठ सगळ्यांना मदतीला बोलावतो. त्याच्या करण्याला माझा शब्द 'हिसका'. 'झटका' जिममध्ये जास्त ऐकू येतो आणि तोही चालेल, पण हृदयविकारामुळे आणि विजेमुळे त्याचा रोख अंगाला बसणाऱ्या गोष्टीकडे गेला आहे. झटका बसतो, हिसका आपण देतो. 'झोका' मी वापरणार नाही, कारण झोक्यात लय असते आणि ती चांगली मानली जाते.

हिसका हा शब्द मला आणखी एका कारणासाठी आवडतो. तो माणसाच्या नीयतीबद्दल काही बोलत नाही, फक्त हालचाल सांगतो. कोपरखैरणे, घणसोलीत माथाडी कामगारांची किती घरं आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. वाशीच्या बाजार समितीत ५० किलोची गोणी दोघं दोन बाजूंनी धरतात आणि एका दमात हिसका देऊन तिसऱ्याच्या पाठीवर चढवतात. तिथे हिसका हे कसब आहे. गोणी थप्पीवर गेली पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत अंग टिकलं पाहिजे, त्यामुळे जितकी कमी ताकद खर्च होईल तितकं बरं. व्यायामशाळेत वजन जिथून उचललं तिथेच परत ठेवायचं असतं, म्हणून तिथे ताकद वाचवण्यात काही मिळत नाही. तोच हिसका, एकीकडे गुण आणि दुसरीकडे दोष.

जुन्या तालमीतली क्रियापदंही हेच सांगतात. मुद्गल 'उचलत' नाहीत, 'फिरवतात'. तिथे फेकच महत्त्वाची. जड दगडी नाल 'उचलतात'. जोर आणि बैठका 'मारतात' किंवा 'काढतात'. आपल्या बैठकीत तर हातांचा हेलकावाही असतो आणि टाचाही उचलल्या जातात. जिमच्या स्क्वॉटच्या नियमाने ती चुकीची ठरेल, तालमीच्या नियमाने नाही. म्हणजे नेटकेपणा ज्या त्या व्यायामाचा असतो, सगळ्यांना मिळून एकच माप नाही.

स्पर्धेत हा घोळ केवढा वाढू शकतो याचं मोठं उदाहरण ऑलिंपिक वेटलिफ्टिंगचं. तिथे पूर्वी स्नॅच आणि क्लीन अँड जर्क यांच्याबरोबर प्रेस हा तिसरा प्रकार होता. ताठ उभं राहून वजन खांद्यावरून डोक्यावर न्यायचं. हळूहळू खेळाडू कमरेतून मागे झुकून, हिसका देऊन ते वर ढकलू लागले आणि कुठपर्यंत झुकणं चालेल हे ठरवणं पंचांना जमेना. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस काढूनच टाकला. जर्क मात्र राहिला, कारण पायांचा जोर हाच त्याचा गाभा आहे, त्यात लपवायला काही नाही.

आणि हिसका मुद्दाम, ठरवूनही देतात. शरीरसौष्ठवाचे नामवंत प्रशिक्षक जो वीडर यांनी व्यायामाची जी तत्त्वं मांडली, त्यांत चीटिंग हे एक तत्त्वच होतं. आर्नोल्ड श्वार्झनेगर चीट कर्लसाठी, म्हणजे हिसका देऊन मारलेल्या बायसेपसाठी, ओळखले जायचे. स्नायू वजन उचलतो त्यापेक्षा जास्त वजन तो सावकाश खाली आणू शकतो, म्हणून थकल्यावर शेवटचे दोनतीन हिसक्याने वर न्यायचे आणि खाली आणताना दंडालाच राबवायचं. वर हिसका आणि खाली सोडून दिलं, तर हाती काहीच लागलं नाही. आता या पद्धतीला 'फसवणूक' म्हणून बघा, वाक्यच उभं राहत नाही. 'हिसक्याचे कर्ल' म्हटलं तर राहतं. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे वाकून जमिनीवरून वजन उचलताना, मात्र ही सवलत मी कोणाला सुचवणार नाही, वाकलेल्या पाठीने दिलेला हिसका थेट कमरेत उतरतो.

आता 'स्ट्रिक्ट'. 'कडक' नको. ठाण्यापासून पनवेलपर्यंत 'कडक फॉर्म' म्हणजे झकास फॉर्म असाच अर्थ लागेल. 'काटेकोर' अर्थाने बरोबर आहे, पण हिशोबाच्या वहीत जास्त शोभतो. माझी पसंती 'नेटका'. नेटका जोर, नेटकी बैठक. 'नेट लावणं', 'नेटाने करणं' हेही कानाला शेजारीच वाटतात, म्हणून त्यात नीटपणाबरोबर जोरही ऐकू येतो. 'फॉर्म' मराठीत क्रिकेटने आधीच घेऊन ठेवला आहे. 'तो फॉर्मात आहे' म्हणजे धावा निघतायत. म्हणून फलकावर तो शब्द टाळा आणि सरळ लिहा: 'बैठक पूर्ण घ्या, अंग चोरू नका. वजन हिसक्याने उचलू नका, खाली सावकाश आणा. नेटके दहा काढा.'

'रेप्स'साठी, म्हणजे एकच हालचाल किती वेळा करायची त्या मोजणीसाठी, 'आवर्तनं' लिहू का, असंही तुम्ही विचारलंय. सूर्यनमस्कारांना तो शब्द रुळला आहे, डंबेलला नाही. 'दहा काढा' या दोन शब्दांत तो आलेलाच आहे, वेगळा लिहायची गरज नाही.