चार सिम, एक बिल: पोस्टपेडच ठेवू की प्रीपेड करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी बार्शीहून लिहितेय. घरात चार मोबाईल आहेत, माझा, ह्यांचा, मुलाचा (तो पुण्याला हॉस्टेलवर असतो) आणि सासूबाईंचा, त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. मागच्या वर्षी दुकानदाराने सांगितलं म्हणून चौघांचा मिळून ११९९ चा फॅमिली पोस्टपेड घेतला, पण बिल एकदाही ११९९ आलं नाही, दर महिन्याला १४१५ च्या आसपास येतं. जाऊबाई म्हणतात पोस्टपेड म्हणजे नुसते पैसे उडवणं, सरळ प्रीपेड करून टाका, त्या स्वतः दरवेळी ३४९ चं रिचार्ज मारतात. ह्यांचं म्हणणं वेगळंच, त्यांची नोकरी फिरतीची, रिचार्ज संपलं आणि लक्षात नाही राहिलं तर फोन बंद, ती कटकट नको. घरी वायफाय आहे. आम्ही काय करावं?

उत्तर: आधी त्या १४१५ चं सांगते कारण हे खूप जणींनी विचारलंय. मोबाईल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. प्रीपेडच्या रिचार्जमध्ये तो आधीच धरलेला असतो, ३४९ म्हणजे ३४९ च, पण पोस्टपेडची जी किंमत जाहिरातीत दिसते ती टॅक्स सोडून असते. ११९९ वर १८ टक्के म्हणजे २१६ रुपये, झाले १४१५. तेव्हा तुम्हाला कोणी फसवलेलं नाही, फक्त दुकानदाराने हे तोंडाने सांगायला हवं होतं असं मला वाटतं. यापुढे पोस्टपेडचा कुठलाही आकडा ऐकला की मनातल्या मनात त्यात अजून जवळजवळ पाचवा हिस्सा घाला आणि मगच तुलना करा.

आता जाऊबाईंचा हिशोब बघू, कारण तिथेच खरी गंमत आहे. ३४९ चा प्लॅन महिन्याचा नाही, २८ दिवसांचा आहे. वर्षाचे दिवस ३६५, त्याला २८ ने भागलं की १३ येतात, म्हणजे वर्षात १२ नाही तर १३ रिचार्ज, एका सिमचे ४५३७ रुपये. तुम्ही चारही सिम जाऊबाईंसारखी केलीत तर वर्षाला १८,१४८ होतात आणि तुमचं आत्ताचं पोस्टपेड बिल वर्षाचं १६,९७८ आहे!! म्हणजे बचत करायला म्हणून निघालात आणि जवळजवळ बाराशे जास्तच गेले असते. जाऊबाईंचा सल्ला मनापासूनच आहे, पण प्रीपेड म्हणजे आपोआप स्वस्त हे काही खरं नाही.

म्हणून मी घरात एकच पद्धत ठेवलीये, प्लॅनची किंमत भागिले दिवस. एका सिमचे दिवसाला किती पडतात तेवढंच बघायचं. तुमचा फॅमिली प्लॅन एका सिमला दिवसाला साधारण ११ रुपये ६३ पैसे पडतो, जाऊबाईंचा १२ रुपये ४६ पैसे. उलट एकट्यासाठी ४४९ चा पोस्टपेड घेतला तर टॅक्ससकट ५३० होतात, दिवसाला १७ रुपयांच्या वर, तो मी तरी कोणाला घ्या म्हणणार नाही, ऑफिस बिल भरत असेल तर गोष्ट वेगळी.

मग तुमचे पैसे जातायत कुठे? सासूबाईंच्या फोनवर. बटणांचा फोन, नेट त्या वापरत नाहीत, तरी त्यांच्या वाट्याचा डेटा तुम्ही दर महिन्याला विकत घेताय. अशा लोकांसाठी ट्रायने (मोबाईल कंपन्यांना नियम घालून देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन द्यायचे, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते आलेसुद्धा. एअरटेलचा १८४९ चा आला ३६५ दिवसांचा, जिओचा १७४८ चा. आता वरवर बघितलं तर १७४८ स्वस्त वाटतो, पण तो ३३६ दिवसांचा आहे, दिवसाला ५ रुपये २० पैसे, आणि १८४९ वाला ५ रुपये ७ पैसे. शंभर रुपये कमी दिसणारा प्लॅन महाग निघाला की नाही! म्हणून म्हणते दिवस बघा. अर्थात गावात रेंज ज्याची त्याचाच घ्यायचा, तेरा पैशांसाठी सासूबाईंना अंगणात जाऊन बोलायला लावू नका.

बाकी तिघांसाठी ८४ दिवसांचे प्लॅन बघा. ८५९ ला ८४ दिवस रोज दीड जीबी असा प्लॅन आहे, दिवसाला १० रुपये २३ पैसे, तो तुम्हाला आणि मुलाला पुरे (तुम्हाला तर घरी वायफाय आहे, बाहेर भाजीवाल्याला यूपीआय करायचं आणि व्हॉट्सअ‍ॅप बघायचं एवढंच ना). तुमच्या ह्यांची फिरती आहे तर ९७९ चा रोज दोन जीबीवाला, दिवसाला ११ रुपये ६५ पैसे. सगळं मिळून वर्षाचं होतं साधारण १३,५७० आणि आत्ता जातायत १६,९७८. म्हणजे चौतीसशे रुपये वाचतात. हे जुलै २०२४ च्या भाववाढीनंतरचे दर धरलेत, रिचार्ज मारायच्या आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये एकदा आकडा बघूनच घ्या.

एक मात्र खरं, रोजच्या डेटाचा प्लॅन म्हणजे रात्री बारा वाजले की उरलेलं गेलं, दुसऱ्या दिवसाला मिळत नाही. पोस्टपेडमध्ये महिन्याचा डेटा एकदम मिळतो, एखाद्या दिवशी दहा जीबी वापरला तरी चालतं, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये उरलेला पुढच्या महिन्यात जातो. मुलगा परीक्षेच्या दिवसांत लेक्चर डाउनलोड करत असेल, हॉस्टेलला वायफाय नसेल, तर त्याला आधी विचारा, त्याच्यावर परस्पर ठरवू नका.

आणि तुमच्या ह्यांची भीती मी अजिबात हसण्यावारी नेणार नाही. माझ्या आत्याचं असंच झालं होतं, गावी गेली, रिचार्ज संपलेलं कळलं नाही, आधी बाहेर फोन लागेना, थोड्या दिवसांनी येणारे फोनही बंद झाले आणि नेमका बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, पैसे असून काढता येईनात, फार रडकुंडीला आली होती. त्यामुळे सासूबाईंचा वर्षाचा प्लॅन ज्या दिवशी माराल ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहा आणि मुलाच्या फोनमध्ये रिमाइंडर लावा. ह्यांच्यासाठी यूपीआय ऑटोपे लावता येतो. तरीही ते नाहीच म्हणाले तर आणखी एक सोय आहे, २०२२ मध्ये ट्रायने सांगितल्यापासून प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होणारा प्लॅन ठेवावाच लागतो. पगाराच्या तारखेला जोडून टाका, ८४ दिवसांवाल्यापेक्षा थोडा महाग पडेल पण २८ दिवसांवाल्यासारखी वर्षाला १३ नाही, १२ च रिचार्ज होतील आणि घरात वाद नको.

प्रश्न: मी नांदेडचा, पोस्टपेड सोडून दुसऱ्या कंपनीत प्रीपेड घ्यायचंय, नंबर तोच हवा. शेवटचं बिल नाही भरलं तर चालेल का, तसंही मी त्यांना सोडूनच चाललोय.

उत्तर: नाही चालणार दादा, हे अगदी कळकळीने सांगतेय. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची म्हणजे पोर्ट करायचं, त्यासाठी इंग्रजीत PORT टाइप करा (मराठीत लिहून चालत नाही), मग एक जागा सोडून तुमचा नंबर, आणि १९०० वर एसएमएस पाठवा, की आठ अक्षरी कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. पण मुदत उलटून गेलेलं बिल थकलेलं असेल तर कोडच मिळत नाही, आणि सध्याच्या कंपनीत तुम्हाला ९० दिवस झालेले असायला हवेत. पोर्ट झाल्यावर जे शेवटचं बिल येतं तेही भरा, ते थकवलं तर जुनी कंपनी नवीनकडे तक्रार करून तुमचा नंबर बंद करायला लावू शकते. डिपॉझिट भरलं असेल तर ते मागायला विसरू नका, पावती शोधून ठेवा.

आणि कंपनीवर राग नसेल, नुसतं बिल कमी करायचं असेल, तर पोर्ट कशाला, त्याच कंपनीत पोस्टपेडचं प्रीपेड करून मिळतं, ओटीपीवर, नंबर तोच राहतो. बिलाची तारीख कुठली आहे ते आधी बघा आणि त्याच्या दोन-चार दिवस आधी अर्ज टाका.